हाकेला ओ देणारी तार

२०२२ च्या मे महिन्यात मी न्यू जर्सीतल्या एडिसनला आपाकडे गेलो, तो ती पडल्याची बातमी ऐकून. आपा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. दुल्हाभाई गेल्यापासून त्या घरात एकटीच असते. एप्रिलमधल्या एका पहाटे पाणी प्यायला उठली आणि स्वयंपाकघरात घसरली. गळ्यात धोक्याचे बटण होते, ते तिने दाबलेही. घरातला भोंगा केकाटला, थोड्या वेळाने आपोआप थांबला. वास्तविक बटण दाबल्यावर कंपनीच्या केंद्रातून मिनिटभरात फोन यायला हवा होता. तो आलाच नाही. शेजारची गुजराती बाई आठ वाजता डबा द्यायला आली, तोवर आपा फरशीवर पडून होती. मनगटावर निभावले.

मी पोचल्यावर पहिल्यांदा दाराजवळचा कीपॅड पाहिला. पिवळा दिवा लागलेला. आपा म्हणाली, "ते फेब्रुवारीपासून टिकटिक करतं. बटण दाबलं की गप्प बसतं." टपालाच्या खणात कंपनीची तीन पत्रे निघाली. थ्रीजी नेटवर्क बंद होत आहे, आपला कम्युनिकेटर बदलून घ्या, असा मजकूर. आपाने ती जाहिरात समजून ठेवून दिली होती. महिन्याची फी मात्र खात्यातून बिनबोभाट वळती होत होती.

अलार्मच्या यंत्रणेत पॅनेल म्हणजे डोके आणि कम्युनिकेटर म्हणजे तोंड. दार उघडले, धूर झाला, बटण दाबले, हे सगळे पॅनेलला कळते; ते बाहेर सांगण्याचे काम कम्युनिकेटरचे. आपाच्या पॅनेलला सगळे कळत होते. फक्त त्याची वाचा गेली होती.

भाच्याने कॅलिफोर्नियाहून नवा फोरजी कम्युनिकेटर मागवला, दुसऱ्या कंपनीशी करार केला आणि व्हिडिओ कॉलवर मला कामाला लावले. तळघरातली लोखंडी पेटी उघडली आणि माझ्यातला इतिहासाचा मास्तर जागा झाला. पेटीत थरावर थर होते. तळाशी टेलिफोनची जुनी वायर, तिच्यावर २००७ ची चिठ्ठी डकवलेला एक मुका रेडिओ, त्याच्या शेजारी हा थ्रीजीचा.

या पेटीची वंशावळ बॉस्टन परिसरात सुरू होते. १८५२ साली विल्यम चॅनिंग आणि मोझेस फार्मर यांनी बॉस्टन शहरात आगीची वर्दी देणारी तारयंत्रणा उभी केली. रस्त्यावरच्या पेटीतून इशारा निघे आणि कुठल्या भागात आग आहे ते केंद्रावर कळे. पुढच्याच वर्षी, २१ जून १८५३ ला, जवळच्या सॉमरव्हिल गावच्या ऑगस्टस पोप यांनी घरासाठी विजेच्या चोरघंटीचे पेटंट घेतले. दार-खिडकी उघडली की विद्युतमंडल पूर्ण होई आणि घंटा वाजे. १८५७ मध्ये एडविन होम्स यांनी ते हक्क विकत घेतले आणि दोन वर्षांत धंदा न्यू यॉर्कला नेला.

पण घंटा वाजून उपयोग काय, ऐकणारे कोणी असेल तर ना! आमच्या सोलापूरच्या गल्लीत नुसते "चोर" म्हटले तरी दहा कंदील बाहेर पडत. होम्स यांनी विकली ती खरे तर घंटा नव्हेच, ऐकणारा माणूस विकला. घराघरांतून आणि बँकांतून तारा एका केंद्रावर आणायच्या आणि तिथे रात्रभर कोणीतरी जागे राहायचे. १८७० च्या दशकात एडवर्ड कॅलहन यांनी दुसरी तऱ्हा काढली. घरात पेटी, तिची मूठ फिरवली की केंद्रावरून निरोप्या पोरगा धावत सुटे. त्यातूनच अमेरिकन डिस्ट्रिक्ट टेलिग्राफ उभी राहिली, जिची एडीटी ही तीन अक्षरे आज अमेरिकेतल्या हिरवळीवर पाट्यांवर दिसतात. (आपाची कंपनी ती नव्हे.)

मला सर्वांत गमतीचे वाटते ते १८७७ साल. बॉस्टनमध्ये होम्स यांच्या मुलाकडे चोरघंटीच्या तारांचे जाळे तयार होते आणि ग्रॅहॅम बेल यांच्या नव्या टेलिफोनला तारा हव्या होत्या. मे महिन्यात काही बँकांत टेलिफोन जोडले गेले. दिवसा त्याच तारांवर माणसे बोलत आणि रात्री त्या चोरावर पाळत ठेवत. म्हणजे टेलिफोन अलार्मच्या घरी पाहुणा म्हणून आला. पुढे पाहुणाच घरधनी झाला. विसाव्या शतकात अलार्म कंपन्या टेलिफोनच्या तारा भाड्याने घेऊ लागल्या. प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतंत्र तार परवडायची ती सराफांना, बँकांना. साध्या घरात अलार्म पोचला तो स्वतः नंबर फिरवणारी यंत्रे आल्यावर. ती घरच्याच फोनवरून केंद्राला कळवत. चोराला हे कळायला वेळ लागला नाही. भिंतीबाहेरची वायर कापली की काम झाले.

त्यावर उतारा म्हणून मोबाइलचा रेडिओ आला. कापायला वायरच नाही. पण रस्ता पुन्हा दुसऱ्याचाच. अमेरिकेतले पहिले, अॅनालॉग मोबाइल जाळे १९८३ मध्ये शिकागोत सुरू झाले. ते चालू ठेवायचे बंधन १८ फेब्रुवारी २००८ ला संपले. अलार्मवाल्यांनी मुदतवाढ मागितली होती, सरकारी आयोगाने नाकारली. मोबाइल बदलायला माणूस स्वतः दुकानात जातो. तळघरातली पेटी कुठे जाणार? एटी अँड टीने २०१६ अखेर टूजी बंद केले आणि २२ फेब्रुवारी २०२२ ला थ्रीजी. या वेळीही अलार्म उद्योगाने करोना आणि चिपटंचाईचे कारण देऊन विनवण्या केल्या होत्या. कंपन्यांचा हिशेबही अगदीच खोटा म्हणता येत नाही, जुन्या लहरी मोकळ्या केल्याशिवाय नव्याला जागा नाही. तरी आपाची टिकटिक बरोबर त्याच फेब्रुवारीतली.

प्रत्यक्ष काम तसे थोडके. आधी केंद्राला फोन करून खाते चाचणीवर टाकले, नाहीतर दारात पोलीस उभे! मग भिंतीतला ट्रान्सफॉर्मर काढला, बारा व्होल्टच्या बॅटरीची वायर सोडवली. नव्या यंत्राच्या चार वायरी कीपॅडच्याच वायरींना समांतर जोडायच्या होत्या. लाल आणि काळी विजेची, हिरवी आणि पिवळी बोलण्याची. मी हिरवी-पिवळी उलटसुलट केली. भाचा तिकडून ओरडला, "मामू, चष्मा लावा!" तळघरात सिग्नलचे नाव नव्हते, म्हणून वायर वाढवून यंत्र वरच्या मजल्यावरच्या कपाटात, लोखंडापासून लांब बसवले. पुन्हा वीज दिली. केंद्राने यंत्राचा क्रमांक नोंदवून घेतला, आणि पिवळा दिवा विझला.

आपाला म्हटले, बटण दाब. तिने दाबले नाही. म्हणाली, "परत तसंच झालं तर?" मी बाजूला उभा राहिलो. मग तिने डाव्या हाताने दाबले, उजवा प्लास्टरमध्ये होता. भोंगा वाजला. चाळीस सेकंदांनी फोन खणखणला आणि एका बाईने आपाचे नाव घेऊन विचारले, ठीक आहात ना?

जुन्या टेलिफोनच्या वायरीची टोके मी पट्टी गुंडाळून पेटीतच ठेवली. आपाने भाच्याला विचारले, "हे किती वर्षं चालेल रे?" तो म्हणाला, "फोरजी आहे तोवर, अम्मी." आपाने स्वयंपाकघरातले कॅलेंडर काढले आणि दर महिन्याच्या एक तारखेला डाव्या हाताने वेडावाकडा गोल केला. त्या दिवशी बटण दाबून बघायचे.