डोंगरउताराजवळून ग्लायडर उडवणं इतकं धोकादायक का असतं?

डोंगराला जवळजवळ घासून जाणाऱ्या ग्लायडरचे व्हिडिओ बघायला भारी वाटतात. पण ग्लायडर डोंगराच्या इतक्या जवळ जातो तो थरारासाठी नव्हे, तर उंचीसाठी.

डोंगराजवळ का जातात?
वारा डोंगरावर आदळला की उतारावरून वर चढतो. ही वर जाणारी हवा उताराजवळच्या पट्ट्यात मिळते. तिच्या आधारे ग्लायडर इंजिनाशिवाय तासन् तास उडू शकतो. पुण्याजवळ कामशेतला पॅराग्लायडरही अशाच हवेवर तरंगतात.

धोका कुठे असतो?

१. स्टॉल: वेग फार कमी झाला की पंखांची उचल अचानक घटते. नाक खाली करून वेग परत मिळवता येतो, पण त्यात उंची जाते. उताराजवळ तेवढी उंचीच नसते. शिवाय ४५ अंश कललेल्या वळणात स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो.

२. नजरेची फसगत: डोंगरात खरं क्षितिज दिसत नाही. वैमानिक डोंगरमाथ्यालाच क्षितिज समजतो, नकळत नाक वर ठेवतो आणि वेग घटतो. वारा मागून असेल तर जमीन भरभर सरकते आणि वेग पुरेसा आहे असं वाटतं.

३. डोंगरामागची हवा: माथा ओलांडून वारा पलीकडे खाली कोसळतो, भोवरे तयार होतात. तिथे सापडलेला ग्लायडर झपाट्याने खाली ओढला जातो.

४. टक्कर आणि तारा: वर जाणाऱ्या हवेचा पट्टा अरुंद असल्याने सगळे ग्लायडर तिथेच गर्दी करतात. रोपवेच्या तारा तर अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत.

अनुभवी वैमानिक सुरक्षित असतात का?
नाही. तीन वेळा विश्वविजेते ठरलेले जर्मनीचे हेल्मुट राइखमान १९९२ मध्ये फ्रान्सच्या आल्प्समध्ये दुसऱ्या ग्लायडरशी टक्कर होऊन मरण पावले. नामवंत ग्लायडर डिझायनर क्लाउस होलिगहाउस यांचाही १९९४ मध्ये स्विस आल्प्समध्ये ग्लायडर अपघातात मृत्यू झाला.

मग काळजी काय घेतात?
• वळण नेहमी डोंगरापासून दूर, दरीच्या दिशेने घ्यायचं.
• उताराजवळ नेहमीपेक्षा जास्त वेग ठेवायचा.
• उताराकडे सरळ नाही, तिरकं जायचं, म्हणजे चटकन बाहेर वळता येतं.
• दोन ग्लायडर समोरासमोर आले, तर ज्याच्या डावीकडे डोंगर आहे त्याने उजवीकडे वळून वाट द्यायची. ज्याच्या उजवीकडे डोंगर आहे, त्याला त्या बाजूला वळायला जागाच नसते.
• दरीत निसटण्याची वाट कायम मोकळी ठेवायची.

थोडक्यात, ग्लायडरला वर नेणारी हवा आणि त्याला धोक्यात घालणारा डोंगर एकाच ठिकाणी असतात. तिथे चूक झाली, तर ती सुधारायला मिळणारा वेळ काही सेकंदांचाच असतो.