मोगलीचें रान आणि तुरियाचें गवत

गेल्या माघ महिन्यांत मी नागपुराहून एकटीच निघालें आणि शिवनी जिल्ह्याच्या रानांत चार दिवस राहून परत आलें. "कोणाकडे उतरणार?" असें आईनें विचारलें. "मोगलीकडे," असें मीं उत्तर दिलें. आई हंसली नाहीं. चाळिशीला टेकलेल्या मुलीनें चित्रांतल्या एका पोराच्या घरीं पाहुणी म्हणून जावें, यांत हंसण्यासारखें तिला कांहीं दिसलें नसावें.

ज्या श्रोत्यांचें बालपण १९९० नंतरच्या दशकांत गेलें, त्यांना हें पोर कोण तें सांगावयास नको. रविवारीं सकाळीं तें दूरदर्शनवर आलें कीं आमची गल्ली ओस पडे. इतरांसाठीं सांगतें. 'निप्पॉन ॲनिमेशन' या जपानी संस्थेनें रुडयार्ड किपलिंगच्या 'जंगल बुक'मधील कथांवरून बावन्न भागांची एक चित्रमालिका तयार केली. ती जपानांत ऑक्टोबर १९८९ पासून ऑक्टोबर १९९० पर्यंत दाखविली गेली आणि पुढें हिंदी बोल घेऊन आपल्याकडे आली. हिंदी शीर्षकगीत गुलजार यांचें, चाल विशाल भारद्वाज यांची, आणि शेरखानाचा आवाज नाना पाटेकर यांचा. त्या आवाजामुळें शेरखान हा मूळचा मराठीच असला पाहिजे, अशी आमच्या वाड्यांतील मुलांची खात्री झाली होती.

वाड्यांत दूरदर्शनचा संच एकच, आणि तो आमच्या आजोबांच्या खोलींत. आजोबांनीं उभा जन्म जंगलखात्यांत कारकुनी केलेली. ते आरामखुर्चींत डोळे मिटून पडलेले असत. पण पडद्यावर 'जंगलचा कायदा' हे शब्द आले कीं त्यांचे डोळे उघडत. "अग, जंगलचा कायदा आमच्या कचेरींत कुलपांत असे. लांडग्याला तो कोठून ठाऊक असणार?" एवढें बोलून ते पुनः डोळे मिटीत. आम्ही मुलें त्यांना गप्प बसवीत असूं. तें वाक्य मात्र माझ्या मनांत कोठें तरी पडून राहिलें, आणि या प्रवासांत तें पुनः वर आलें.

आवडत्या चित्रकथेंतील स्थळें प्रत्यक्ष पाहावयास जाण्याची जपानांत मोठी प्रथा आहे. तिला तेथें 'सेइची जुन्रेइ', म्हणजे पवित्र स्थळांची यात्रा, असें म्हणतात. कोणा चित्रकारानें एखाद्या गांवचा पूल किंवा देवळाच्या पायऱ्या आपल्या चित्रांत घेतल्या, तर त्या पायऱ्यांवर उभें राहण्यासाठीं लोक आगगाडीनें दिवसभराचा प्रवास करून येतात. ही गोष्ट ऐकून आपण हंसूं नये. ज्यांच्या भाषेंत 'स्थानपोथी'सारखा ग्रंथ आहे, चक्रधरस्वामी कोणत्या ओट्यावर बसले आणि कोणत्या झाडाखालीं थांबले याची ज्यांनीं गांवोगांवची नोंद ठेविली, त्यांना अशा यात्रेचें मर्म समजावून सांगण्याचें कारण नाहीं. फरक एवढाच, कीं स्वामी त्या ओट्यावर खरोखर बसले होते. मोगली मात्र कोठेंच बसला नव्हता.

आणि मौज अशी, कीं मोगलीला जन्म देणारा लेखकही त्या रानांत कधीं गेलेला नव्हता. किपलिंग जन्मला मुंबईस, ३० डिसेंबर १८६५ या दिवशीं, वडील जे. जे. कलाशाळेंत शिक्षक होते. तारुण्यांतील सात वर्षें त्यानें लाहोर व अलाहाबाद येथें वृत्तपत्रांत काढलीं आणि १८८९ मध्यें हिंदुस्थान सोडला. मोगलीच्या कथा त्यानें लिहिल्या त्या अमेरिकेंत, व्हरमाँटच्या हिवाळ्यांत, खिडकीबाहेर बर्फ सांचलेलें असतांना. पहिलें 'जंगल बुक' १८९४ मध्यें निघालें, दुसरें १८९५ मध्यें.

मग शिवनी त्याला मिळाली कोठून? याचें बरेंचसें उत्तर रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल या अधिकाऱ्याकडे जातें. स्टर्नडेलनें शिवनीच्या डोंगरांत नोकरी आणि शिकार दोन्हीही केल्या, व १८७७ मध्यें सातपुड्यांतील आपल्या छावणीजीवनावर 'सिओनी' याच नांवाचें पुस्तक लिहिलें. १८८४ मध्यें त्याचा सस्तन प्राण्यांवरील ग्रंथही निघाला. मुंबईकर श्रोत्यांना त्याची आणखी एक ओळख सांगतां येईल. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्यें स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे आपले दोन गृहस्थ होते. त्या संस्थेचें नियतकालिक १८८६ मध्यें सुरू झालें, तेव्हां त्याच्या दोन संपादकांपैकीं एक हा स्टर्नडेल होता.

लांडग्यांनीं वाढविलेल्या मुलाची कल्पना मात्र दुसरीकडून आलेली. ठगांच्या बंदोबस्तामुळें प्रसिद्ध झालेल्या स्लीमनसाहेबानें १८५२ मध्यें अशा मुलांविषयीं एक लहान पुस्तिका छापली. शिवनीकडे आज तुम्हांला सांगतात, कीं तो मुलगा याच रानांत सांपडला. स्लीमनची पुस्तिका वाचावी, तर त्यांतील मुलें सुलतानपूरकडचीं, अवध प्रांतांतलीं. याचा अर्थ असा, कीं अवधांतल्या मुलाला व्हरमाँटमध्यें बसून सातपुड्यांत नेऊन ठेविलें, आणि जपानी चित्रकारांनीं त्याला रंग दिले. अशा मुलाचें घर शोधावयास मी निघालें होतें!

जपानी चित्रकारांनीं रंगाबरोबर इतरही कांहीं दिलें. त्यांच्या मोगलीच्या हातांत बूमरँग आहे; तें ऑस्ट्रेलियांतल्या आदिवासींचें शस्त्र. त्याचा चिमुकला सोबती किची हा तांबडा पांडा. तो हिमालयाच्या थंडींत राहणारा, सातपुड्याच्या उन्हांत आठवडाभरही टिकावयाचा नाहीं. लहानपणीं यांतलें कांहींच खटकलें नव्हतें. आजही फारसें खटकत नाहीं, हें कबूल करतें.

नदी मात्र खरी आहे. कथांतली 'वैनगंगा' शिवनी जिल्ह्यांतच मुंडारा गांवाजवळ उगम पावते, मोठा वळसा घेऊन बालाघाटाकडून आपल्या भंडाऱ्यांत उतरते, आणि पुढें वर्धेला मिळून प्राणहिता होते. पवनीच्या घाटावर लहानपणीं मीं जिच्यांत पाय बुडविले, तीच ही नदी, आणि तिच्याच कड्यावरून रानकुत्र्यांच्या टोळीला चकवून मोगलीनें उडी घेतली, हें मला बारा वर्षांची होईतों कोणी सांगितलें नव्हतें. कान्हीवाडाही खरें आहे. गांवकऱ्यांच्या छळांतून सुटून मेसुआ आणि तिचा नवरा रात्रींतून ज्या गांवाकडे पळतात, तें हें गांव. मी तेथें गेलें. दुकानें, शाळा, रस्त्याकडेला विकावयास मांडलेले मटार. अर्धा तास थांबून चहा घेतला व परतलें; पाहण्यासारखें कांहींच नव्हतें, आणि तरीही मला फार बरें वाटलें.

आज मोगलीचें रान म्हणून जें दाखवितात तें पेंचचें. पेंच नदी उत्तरेकडून येते, रानाचे दोन भाग करते, कन्हानला मिळते, आणि कन्हान वैनगंगेला. म्हणजे पाणी अखेर कथेंतल्या नदींतच जातें. रानाचा वरचा भाग मध्यप्रदेशांत, खालचा आपल्या नागपूर जिल्ह्यांत. महाराष्ट्राकडील भागाला १९७५ मध्यें राष्ट्रीय उद्यान केलें, मध्यप्रदेशाकडील भागाला १९८३ मध्यें. जबलपूरच्या रस्त्यानें खवासा येथें सीमा ओलांडली कीं उजवीकडे नव्हे, डावीकडे वळावें लागतें. थोड्याच वेळांत तुरिया येतें. तेथें उद्यानाचें प्रवेशद्वार आहे.

माझा वाटाड्या पंचविशींतला गोंड तरुण होता. सीमेवरचा असल्यामुळें त्याला मराठी चांगलें येई. "ताई, एकट्याच आल्यांत? साहेब नाहीं आले?" असें त्यानें प्रथमच विचारून घेतलें, आणि साहेब नाहींतच असें कळल्यावर त्या विषयाला पुनः हात लावला नाहीं. सकाळच्या धुक्यांत सागाचीं पानें खालीं पडण्याचा आवाज येत होता. कुल्लूचीं पांढरीफटक झाडें दिसलीं, चितळांचे कळप दिसले, रानकुत्र्यांची एक जोडी रस्ता ओलांडून गेली. लांडगा दिसला नाहीं. "लांडगा दाट रानांत राहत नाहीं, ताई, तो माळावरचा, शेतांकडचा," असें वाटाड्यानें सांगितलें. अकेलाचें अख्खें कुळच चुकीच्या पत्त्यावर राहत होतें तर! वाघही दिसला नाहीं. जिनें आठ वेळां मिळून एकोणतीस बछड्यांना जन्म दिला, ती 'कॉलरवाली' वाघीण याच रानांतली. ती १५ जानेवारी २०२२ या दिवशीं गेली. तिची गोष्ट वाटाड्यानें घरांतल्या वडील बाईची सांगावी तशी सांगितली.

मध्यंतरीं आम्ही एका मोठ्या मोकळ्या कुरणापाशीं थांबलों. त्याला अलीकट्टा म्हणतात. येथें पूर्वीं गांव होतें. आतां हरणें चरतात आणि प्रवासी डबे उघडतात. "सभेचा खडक कोणता?" असें मीं विचारलें. त्यानें एका टेकाडाकडे बोट दाखविलें, मग जरा घुटमळून म्हणाला, "ताई, तुम्ही विचारतां म्हणून दाखवितों. आमच्या आज्याला मोगली ठाऊक नव्हता. आमच्या गांवांत विचारण्यासारखें दुसरें आहे."

तें दुसरें त्यानें मला दुपारीं दाखविलें. १९३० च्या सविनय कायदेभंगांत मिठाचा समुद्र ज्यांच्याजवळ नव्हता, त्या मध्यप्रांत-वऱ्हाडांत जंगलचा कायदा मोडावयाचें ठरलें. राखीव रानांतलें गवत परवान्यावांचून कापणें हा गुन्हा होता. म्हणून तेंच कापावयाचें. १० जुलै रोजीं लोकनायक अणे यांनीं पुसदला गवत कापलें व ते पकडले गेले. २५ सप्टेंबर रोजीं कुलाब्यांतल्या चिरनेरला गोळीबार झाला. त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनीं, ९ ऑक्टोबर १९३० या दिवशीं, तुरियाला लोक विळे घेऊन जमले. पोलिसांनीं गोळ्या झाडल्या. चौघे मेले: तीन गोंड स्त्रिया आणि बिरजू गोंड. चिरनेर आपल्याला निदान ठाऊक असतें. तुरियाचें नांव मी नागपुरांत वाढूनही ऐकलें नव्हतें. मोगलीच्या बावन्न भागांपैकीं मात्र निम्मे मला आजही क्रमानें सांगतां येतील.

स्मारकासमोर उभें असतांना मला आजोबांचें वाक्य आठवलें. जंगलचा कायदा! किपलिंगच्या कथांत तो कायदा आभाळासारखा जुना आहे; तो कोणी केला नाहीं, कोणीं कोणावर लादला नाहीं. शिवनीच्या खऱ्या रानांतला कायदा १८६५ मध्यें पहिल्यानें झाला, १८७८ मध्यें कडक झाला, १९२७ मध्यें पुनः लिहिला गेला. त्यानें सरकारी रानाभोंवतीं रेघ ओढली आणि रेघेच्या आंत पिढ्यान्‌पिढ्या गवत कापणारा मनुष्य एका रात्रींत चोर ठरला. किपलिंगला हें मुळींच ठाऊक नव्हतें, असें म्हणवत नाहीं. मोगलीवरची त्याची पहिली गोष्ट 'जंगल बुक'मध्यें नाहींच. ती १८९३ ची, 'इन द रुख' नांवाची. रुख म्हणजे राखीव रान. तींत मोगली मोठा झालेला आहे, आणि गोष्टींत तो शेवटीं काय करतो? जंगलखात्यांत नोकरी धरतो. पगार व निवृत्तिवेतन ठरवून. जपानी मालिकेनें ही गोष्ट घेतली नाहीं, यांत नवल नाहीं. ती घेतली असती तर आजोबा मात्र आरामखुर्चींतून उठून बसले असते.

एवढें सगळें खरें धरूनही त्या पोरावरची माझी माया उणी झालेली नाहीं. संध्याकाळीं मुक्कामीं परततांना वाटाड्यानें तें जुनें शीर्षकगीत शिटीवर वाजविलें, आणि मीं त्याच्या सुरांत सूर मिळविला. त्याच्याही लहानपणीं तें पुनःपुन्हां दाखविलें गेलें होतें. रस्त्यानें दोन बाया डोक्यावर गवताचे भारे घेऊन चालल्या होत्या. गाडी बाजूनें जाईतों त्या कडेला थांबल्या.

घरीं आल्यावर आईला तुरियाची हकीकत सांगितली. ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "नोकरीच्या पहिल्या वर्षीं तुझ्या आजोबांकडे जप्त विळ्यांची वही असे. रोज किती आले, तें लिहावयाचें. कोणाचे आले त्याचा रकाना वहींत नव्हता, असें ते सांगत."