बोटीवर सुटलेले गणित : कृष्णविवराच्या कल्पनेचा इतिहास

#थ्रेड #इतिहास

१/८
३१ जुलै १९३०. मुंबईहून युरोपकडे निघालेल्या बोटीवर मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला एकोणीस वर्षांचा तरुण होता : सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. प्रवासात त्याने मांडलेल्या गणिताचा पूर्ण अर्थ स्वीकारायला विज्ञानजगताला काही दशके लागली.

२/८
कल्पना मात्र त्याहून जुनी. १७८३ मध्ये जॉन मिशेल या इंग्रज धर्मोपदेशकाने न्यूटनच्या नियमांवरून दाखवले, की सूर्याइतक्याच घनतेचा, पण त्याच्या ५०० पट व्यासाचा तारा असेल, तर त्याचा प्रकाशही त्याच्या गुरुत्वाकर्षणातून निसटू शकणार नाही.

३/८
१९१५ मध्ये आइन्स्टाइनचा सामान्य सापेक्षतेचा सिद्धान्त आला. रशियन आघाडीवर जर्मन सैन्यात असलेल्या कार्ल श्वार्झशिल्डने त्याच्या समीकरणांची उकल काढली. त्या उकलीनुसार सूर्य सुमारे ३ किलोमीटर त्रिज्येत दाबला, तर त्याचा प्रकाश बाहेर पडणार नाही. मे १९१६ मध्ये श्वार्झशिल्डचे निधन झाले.

४/८
पण तारा इतका आक्रसेल कसा? तारा म्हणजे अखंड चाललेली रस्सीखेच. गुरुत्वाकर्षण त्याला आत ओढते. गाभ्यातील अणुसंमीलनाच्या उष्णतेने निर्माण झालेला दाब बाहेर रेटतो. इंधन संपले, की हा तोल ढळतो.

५/८
सूर्यासारख्या ताऱ्याचा गाभा आक्रसून श्वेत बटू होतो. तेथे इलेक्ट्रॉनांचा दाब त्याला सावरतो. चंद्रशेखरांनी दाखवले, की या आधारालाही मर्यादा आहे. सूर्याच्या सुमारे १.४ पटींहून अधिक वस्तुमान तो पेलू शकत नाही.

६/८
११ जानेवारी १९३५, लंडन. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत चंद्रशेखरांपाठोपाठ आर्थर एडिंग्टन बोलायला उठले. असा तारा अखेर स्वतःचा प्रकाशही कोंडून ठेवील, हे त्यांनी अचूक ओळखले. आणि निसर्ग असे होऊ देणारच नाही, असे म्हणून सिद्धान्तच फेटाळला. सभेत हशा पिकला.

७/८
१ सप्टेंबर १९३९ रोजी ओपनहायमर व स्नायडर यांचा ताऱ्याच्या अमर्याद आकुंचनावरील निबंध प्रसिद्ध झाला. त्याच दिवशी जर्मन फौजा पोलंडमध्ये शिरल्या. आज आपण जाणतो, की गाभा १.४ पटींहून जड असेल तर न्यूट्रॉन तारा बनू शकतो. आणि न्यूट्रॉनांनाही भार पेलेनासा झाला, की उरते कृष्णविवर.

८/८
चंद्रशेखरांना नोबेल मिळाले १९८३ मध्ये, मिशेलनंतर २०० वर्षांनी. १० एप्रिल २०१९ रोजी एम८७ दीर्घिकेतील, सूर्याच्या सुमारे ६५० कोटी पट वस्तुमानाच्या कृष्णविवराची छाया जगाने पाहिली. एडिंग्टन काही सामान्य माणूस नव्हते. १९१९ च्या ग्रहणात आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताची कसोटी घेणाऱ्यांत ते अग्रणी होते. त्यांना गणितात चूक सापडली नव्हती. उत्तर पटले नव्हते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा भेद विसरू नये.