खाण, उद्यान आणि भीमाची बोटे

शहर ज्या दगडाने उभे राहते, तो दगड जेथून निघाला त्या जागेचा इतिहास शहर सहसा सांगत नाही. खाण संपली की तिथे वस्ती होते, नाहीतर उद्यान. पॅरिसचे ब्यूत-शोमों हे यातील सर्वांत देखणे उदाहरण. जिप्सम आणि चुनखडीच्या जुन्या खाणींवर तिसऱ्या नेपोलियनच्या काळात आल्फाँ या अभियंत्याच्या देखरेखीखाली ते रचले गेले आणि १८६७ साली, जागतिक प्रदर्शनाच्या वर्षी, लोकांसाठी खुले झाले. खाणकामाने उरलेला खडक तेथे तळ्यातले बेट झाला. त्याच्या माथ्यावर एक छोटेखानी मंदिरही उभारले गेले. लुई आरागाँने १९२६ च्या आपल्या पुस्तकात या उद्यानातील रात्रीच्या भटकंतीला स्थान दिले आणि ते साहित्यातही आले.

मुंबईत याच्या सर्वांत जवळ जाणारी जागा म्हणजे अंधेरीची गिल्बर्ट टेकडी. घाटकोपरहून मेट्रोने तिकडे जाताना असल्फ्याच्या टेकडीवर दाटीने चढत गेलेली घरे दिसतात, आणि उपनगरांचा हा सारा भाग मुळात डोंगराळ होता याची आठवण होते. गिल्बर्ट टेकडी म्हणजे काळ्या बेसाल्टचा सुमारे २०० फुटी सुळका. वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. आज तो इमारतींच्या गर्दीत एकाकी दिसतो, त्याला निसर्गाइतकीच भोवतालची दगडफोडही कारणीभूत आहे. खडकातल्या पायऱ्या चढून गेल्यावर माथ्यावर गावदेवीचे मंदिर आणि छोटी बाग लागते. पॅरिसमध्ये खाणीला सजवून उद्यान केले गेले. येथे सुरुंगांतून जे वाचले, त्यावर बाग उरली. महानगरपालिकेने तिला वारसास्थळाचा दर्जा दिला तो २००७ साली.

वारशाच्या या यादीत दगड आहे. तो फोडणारे हात मात्र नाहीत. १८७८ साली पूर्ण झालेला राजाबाई टॉवर कुर्ल्याच्या दगडाचा आहे. १९१४ मध्ये बांधून झालेल्या वस्तुसंग्रहालयाला कुर्ला आणि मालाड येथला दगड लागला. या वास्तूंचे वास्तुविशारद आपण नावानिशी सांगू शकतो. पाथरवटांचे काय?

आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर मराठी साहित्याने दिले आहे, आणि तेही घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत अनेक वर्षे राहिलेल्या लेखकाने. अण्णाभाऊ साठे यांच्या 'स्मशानातील सोनं' या कथेचा नायक भीमा वारणेच्या खोऱ्यातून मुंबईत येतो आणि उपनगरातल्या दगडाच्या खाणीत काम करतो. खाण बंद पडते. पोटासाठी तो मढी उकरून त्यांच्या अंगावरचे सोने शोधू लागतो. अखेरीस एका प्रेताच्या जबड्यात अडकून त्याची बोटे जातात, आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते.

वर्गात ही कथा आपण बहुधा भुकेची, स्मशानातल्या भयाची किंवा दैवदुर्विलासाची कथा म्हणून शिकवतो. ती तशी आहेच. परंतु तिचा आरंभ आणि शेवट दोन्ही खाणीच्या कामाशी बांधलेले आहेत, हे मात्र निसटते. खाण कधी बंद होणार, कधी सुरू होणार, हे भीमाला कोणी विचारत नाही. निर्णय त्याच्या माथ्यावरून जातात आणि त्यांची किंमत त्याची बोटे मोजतात. शेवटी भीमा रडतो तो हातचे सोने गेले म्हणून नव्हे, तर डोंगर फोडणारी बोटे गेली म्हणून. उपनगरातील दगडखाणीचे बंद होणे हा महसुली दप्तरात फार तर एक शेरा असेल. अण्णाभाऊंनी त्या शेऱ्यामागचा माणूस लिहून ठेवला.

म्हणून विद्यार्थ्यांना आमची सूचना आहे की ही कथा वाचल्यावर एकदा गिल्बर्ट टेकडीच्या पायथ्याशी जाऊन यावे. माथ्यावरच्या बागेतून शहर दिसते. ते ज्यांनी फोडून दिलेल्या दगडावर उभे आहे, त्यांच्यासाठी कथाच उघडावी लागते.