करंडक कोणालाच नाही

सप्टेंबर २०२२. पुण्यात पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेची अंतिम फेरी संपली आणि परीक्षकांनी निर्णय दिला : करंडकाच्या योग्यतेची एकही एकांकिका नाही. स्पर्धेच्या इतिहासात हे प्रथमच घडले. दर्जा राखला गेला, असे काहींनी म्हटले. विद्यार्थ्यांचा हिरमोड झाला, असे इतरांनी. विद्यार्थ्याला नाटकातून नेमके काय मिळते, हा जुना प्रश्न या वादाच्या तळाशी होता.

महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब वझे यांच्या स्मरणार्थ १९६३ साली ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सुरू केली. भर संहिता, दिग्दर्शन आणि अभिनयावर. नेपथ्याच्या थाटामाटाला महत्त्व नाही. त्यामुळे पैशापेक्षा माणसे जमवणे महत्त्वाचे ठरले.

ही माणसे पावसाळ्यात जमतात. तास संपल्यावर बाके भिंतीला लावायची आणि रात्रीपर्यंत तालीम करायची. गावाकडून आलेला, वसतिगृहात एकटा पडलेला, आपली बोली लपवणारा मुलगा इथे येतो आणि एखाद्या संहितेला नेमकी तीच बोली हवी असते. रंगमंचावर पाऊलही न ठेवणारी मुलगी सगळ्यांचे संवाद पाठ करून विंगेत उभी राहते. नाटकाने मन मोकळे होते, असे म्हणतात. ते खरेच, पण आपण गेलो नाही तर तालीम अडेल, ही जाणीव त्याहून मोठा आधार देत असावी. अर्थात, याच तालमींपायी हजेरी बुडते, विषय राहतात आणि निवडीत वगळला गेलेला विद्यार्थी पहिल्याहून अधिक एकटा होतो. ही बाजू आठवणींच्या लेखांत क्वचितच येते.

तालमीत जुळलेल्या नात्यांचे बळ पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या उदाहरणात दिसते. जब्बार पटेल आणि मोहन आगाशे तिथलेच विद्यार्थी. पटेल बालरोगतज्ज्ञ झाले, आगाशे मनोविकारतज्ज्ञ. नाटक मात्र दोघांनीही सोडले नाही. १६ डिसेंबर १९७२ रोजी प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आणले. दिग्दर्शन पटेलांचे, नाना फडणवीस आगाशे. १९ प्रयोगांनंतर संस्थेच्या ज्येष्ठांनी नाटक थांबवले, तेव्हा ही तरुण मंडळी पांगली नाहीत. १९७३ च्या मार्चमध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी उभारली आणि नाटक पुढे चालू ठेवले. १९८० साली ते युरोपातही नेले. आगाशे यांनी पुढे पुण्यातील महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेच्या उभारणीत पुढाकार घेतला. एकाच माणसाने रंगभूमी आणि मनोविकारशास्त्र ही दोन्ही क्षेत्रे आयुष्यभर सांभाळावीत, यात योगायोग कमीच.

या पार्श्वभूमीवर २०२२ चा निर्णय पाहिला की दोन्ही तटांनी निकालालाच सर्वस्व मानले होते, असे जाणवते. हरणे तर दरवर्षी बहुतेक संघांच्या वाट्याला येते. ‘आवाज कुणाचा?’ ही आरोळी देताना घसा बसलेला संघ हरल्यावर एकत्र चहा पितो, परीक्षकांना नावे ठेवतो आणि पुढच्या एकांकिकेचा विषय काढतो. त्या वर्षी मात्र हरवणारा दुसरा संघच नव्हता. कोणाकडे बोट दाखवावे, हेच कळेना.

२०२३ साली स्पर्धा पुन्हा झाली. पावसाळा आला, बाके पुन्हा भिंतीला लागली.