सोमेश्वराचं डुक्कर, साहेबाचं सफरचंद

आमच्या राजापेठेत सफरचंद हे फळ नसून प्रकृतीची बातमी आहे. संत्री माणूस हौसेनं घेतो, पेरू येता-जाता खातो, केळी उपासाला आणतो. सफरचंदाचं तसं नाही. चौकातल्या गाडीवरून अर्धा किलो सफरचंदं घेतलीत की घरी पोचेपर्यंत निदान तिघं तरी आवाज उतरवून विचारतात, "कोन भरती हाये बाप्पा?" कोणी भरती नाही, सहज खायला घेतली, असं सांगितलं तर विचारणाऱ्याला ते पटत नाही. 'आजार लपवतात लोक' असं मनाशी म्हणत तो पुढे जातो आणि संध्याकाळी भेटायला येतो. येताना चार सफरचंदं घेऊन येतो.

डुक्कर थेट दुसऱ्या टोकाला. सफरचंद निदान उशाशी तरी बसतं. डुकराचं नाव पांढरपेशा घरात फक्त शिवी म्हणून निघतं, आणि तेही पाहुणे गेल्यावर. अशा या दोघांना साहेबानं एका भांड्यात घालून शिजवलं आणि वर त्याला रविवारचं पोटभर जेवण म्हटलं, हे ऐकून आमच्याकडच्या माणसाला पत्रिका न बघता लग्न उरकल्यासारखं वाटतं.

पण पत्रिका बघितली तर छत्तीस गुण जुळतात. विलायतेत जुन्या काळी शेतकऱ्याच्या घरचं डुक्कर नोव्हेंबरच्या सुमारास कापलं जाई. पुढे कडाक्याची थंडी, त्याला खाऊ घालायला काही नाही, मग हिवाळाभर पोसण्यापेक्षा खारवून ठेवलेलं बरं, असा सरळ हिशेब. आणि नेमकी त्याच सुमाराला सफरचंदं उतरलेली असत. झाडाखाली पडलेली, किडकी, डागाळलेली फळं डुकरंच खात. म्हणजे जन्मभर सफरचंद खाऊन वाढलेलं डुक्कर शेवटी सफरचंदाबरोबरच ताटात येई. याला कोणी काव्यमय न्याय म्हणेल. आम्ही कॉमर्सवाले याला खाते बंद करताना बाकी जुळवणं म्हणतो.

दुसरं कारण जिभेचं. डुकराचं मांस चरबीचं. मंद आचेवर तास-दोन तास ठेवलं की चरबी वितळते, वरची कातडी पापडासारखी कडक होते आणि आतलं मांस मऊ पडतं. पण चार घास खाल्ले की तोंडावर तूप थापल्यासारखं होतं. तिथे आंबट काहीतरी लागतं. साहेबानं सफरचंद घेतलं, पण ते आपलं लालभडक गोड सफरचंद नव्हे. त्यांच्याकडे रांधायची सफरचंदं वेगळी. हिरवट, कच्ची खाल्ली तर डोळे मिटावेत इतकी आंबट, आणि शिजली की आपोआप गळून लगदा होणारी. आमच्या गाडीवरची गोड सफरचंदं त्या मांसात घातली तर त्याचा शिराच व्हायचा.

एकट्या साहेबाचंच हे खूळ नाही. डेन्मार्कात डुकराच्या तळलेल्या कापांवर सफरचंद आणि कांदा परतून घालतात. जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या काठी सफरचंद आणि बटाटा एकत्र कुस्करून, शेजारी डुकराच्या रक्ताचं सॉसेज ठेवतात आणि त्या पदार्थाला म्हणतात 'स्वर्ग आणि पृथ्वी'. सफरचंद झाडावरचं म्हणून स्वर्ग, बटाटा जमिनीखालचा म्हणून पृथ्वी. फ्रेंच माणूस तर बटाट्यालाच 'जमिनीचं सफरचंद' म्हणतो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

आपल्याकडे मात्र सफरचंद फार उशिरा आलं. ते मूळचं मध्य आशियातलं. कझाकस्तानातल्या अल्माटी शहराचं नावसुद्धा सफरचंदावरूनच पडलेलं. आपण ज्याला सफरचंद म्हणतो तो शब्द मुळात अरबी, 'सफरजल'. आणि अरबीत सफरजल म्हणजे सफरचंद नव्हेच, त्याचा आंबट-तुरट चुलतभाऊ, ज्याला हिंदीत बिही म्हणतात. म्हणजे चुलतभावाच्या नावाचा चेक यानं आपल्या खात्यात भरला आणि तो वटलाही. सफरजलचं सफरचंद झालं, चंद्र वर चढला, आणि कोणाला संशय आला नाही. १८७० च्या सुमारास कुलूच्या खोऱ्यात कॅप्टन ली नावाच्या इंग्रजानं बाग लावली. आजची लाल गोड जात हिमाचलातल्या कोटगढला १९१६ साली आणली ती सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थानं. हे स्टोक्स पुढे गांधीजींच्या चळवळीत तुरुंगात गेले, १९३२ साली हिंदू होऊन सत्यानंद झाले. आमच्या आजाऱ्यांच्या उशाशी बसलेलं फळ शंभर वर्षांच्या आतबाहेरचं आहे तर. त्याआधी वऱ्हाडातला आजारी माणूस मोसंबी-डाळिंबावरच बरा होत असावा.

डुकराचं उलट. ते आपल्या ताटात फार जुनं आहे, आणि तेही कोणाच्या? राजाच्या.

कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर हा राजा. बापाचं नाव सहावा विक्रमादित्य, ज्याच्या काळचा शके १००८ चा शिलालेख नागपूरच्या सीताबर्डीला सापडला. म्हणजे हे काही आपल्याला परके राजे नव्हेत. एका काळी आपला सारा मुलूख त्यांच्या हुकमतीखाली होता. सोमेश्वरानं ११३० च्या सुमारास संस्कृतात 'मानसोल्लास' नावाचा शंभर अध्यायांचा ग्रंथ रचला. राजानं राज्य कसं मिळवावं, कसं टिकवावं, आणि टिकल्यावर मजा कशी करावी, असं त्याचं साधारण धोरण. त्यातही मजेचा भाग भरघोस. स्नान कसं करावं, विडा कसा खावा, हत्तींच्या झुंजी कशा लावाव्यात, आणि जेवावं काय. ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापला गेला, पहिला खंड १९२५ साली.

हा ग्रंथ मराठीच्या व्याख्यानात हमखास येतो, कारण महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात अशी नोंद त्यात आहे. वक्ते ओवीपाशी गहिवरतात आणि पाणी पितात. पण त्याच ग्रंथात अन्नभोगाचा अध्याय आहे, तिथे कोणी गहिवरत नाही. तिथे डुक्कर आहे. डुकराला पांढऱ्या कापडात गुंडाळून वरून कढत पाणी ओतायचं, म्हणजे केस सुटतात. नाहीतर गवताच्या जाळावर भाजायचं. मग खरवडून स्वच्छ करायचं, निखाऱ्यावर शेकायचं, तुकडे करायचे. तुकड्यांना मीठ-मिरी लावायची, आणि आंबट घालायचं. काही काप ताडाच्या पानासारखे लांब-पातळ करून मसाल्याच्या दह्यात सोडायचे. राजा नुसतं डुकरावरही थांबला नाही. भाजलेल्या कासवाची चव भाजलेल्या केळ्यासारखी लागते, असं तो सांगतो, आणि शेतातले उंदीर तळावेत कसे हेही सांगतो. हे वाचून सौभाग्यवतींनी मला त्या दिवशी जेवायला वाढताना ताट अंमळ लांबूनच सरकवलं.

यातली गंमत अशी की चालुक्यांचं राजचिन्हच वराह. आपला रामटेकचा वाकाटकांच्या काळातला दगडी वराह पाहिला असेल, त्याच दैवताचा हा मान. दक्षिणेत सोन्याच्या नाण्यालाच 'वराह' म्हणत, ते या चिन्हावरून. ध्वजावर वराह, तिजोरीत वराह आणि ताटात वराह. तिन्ही ठिकाणी राजाचं मन स्वच्छ. आम्ही बँकेतली माणसं, रोज नोटा मोजतो. पगार वराहांत मिळाला असता तर मोजून झाल्यावर किती जणांनी अंघोळ केली असती, हे मला अंदाजानं सांगता येईल.

आणखी एक बघा. सोमेश्वराच्या त्या सगळ्या पाकात लाल मिरची नाही. ती अजून अमेरिकेतच होती. आमच्या वऱ्हाडी माणसाला डुकराचा धक्का एक वेळ सोसेल, पण बिनमिरचीचं मटण म्हटलं की तो राजाची कीव करेल.

मिरची आणली पोर्तुगीजांनी. १५१० साली त्यांनी गोवा घेतला आणि बरोबर आपला एक पदार्थ आणला: दारूच्या शिरक्यात आणि लसणात मुरवलेलं डुकराचं मांस. त्याचं पोर्तुगीज नाव 'विन्या दालोश', विन्या म्हणजे दारू आणि आलोश म्हणजे लसूण. गोव्यात माडाच्या ताडीचा शिरका मिळाला, मिरची पडली, गरम मसाला पडला आणि झालं विंदालू. पुढे विलायतेतल्या हॉटेलांत कोणीतरी शेवटचं 'आलू' ऐकलं आणि बटाटा घातला. सगळे त्याला हसतात. पण मघाचं वाक्य आठवा. बटाटा म्हणजे जमिनीचं सफरचंद. बिचाऱ्यानं डुकरात सफरचंदच घातलं, फक्त फ्रेंच भाषेतलं.

गोव्याच्या ख्रिस्ती घरांत शिरक्याशिवाय दुसराही प्रकार आहे. आमसुलं घालून शिजवलेलं डुकराचं मांस. कुठे बिंबलं घालतात, ती काकडीच्या आकाराची बुटकी आंबट फळं. पलीकडे कुर्गात डोंगरी आंबट फळाचा काळा घट्ट अर्क घालतात. नकाशावर बोट ठेवत गेलात तर हेच दिसेल: जिथे डुक्कर, तिथे शेजारच्या झाडावरचं आंबट फळ. साहेबाच्या दारात सफरचंद होतं, गोवेकराच्या दारात भिरंड. दोघांनीही हात लांब केला आणि मिळालं ते तोडलं.

मात्र गोव्यातलं ते ताट दिसतं तितकं साधं नव्हतं. पोर्तुगालनं १४९७ साली आपल्या ज्यूंना सक्तीनं ख्रिस्ती केलं होतं. नवा ख्रिस्ती खरा की वरवरचा हे कसं ओळखायचं? त्याच्या घरी डुक्कर शिजतं की नाही बघायचं. मांसाचा वास आला तर खरा, नाही आला तर संशयित. १५६० साली गोव्यातही धर्मन्यायालय बसलं आणि १८१२ पर्यंत टिकलं. चौकशीचा पहिला हवालदार कोण, तर शेजाऱ्याचं नाक. नाकाची ही नोकरी आपल्याकडेही चालू आहे, फक्त आपलं नाक उलट दिशेनं चालतं. वास आला की संशय.

वसईकडचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती आपलेच मराठी बोलणारे लोक. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती, १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती घेतली. राज्य गेलं, पण हांडीतलं डुक्कर हांडीतच राहिलं. विंदालूला ते इंद्याल म्हणतात, आणि त्यांचा मसाला बिअरच्या बाटल्यांत ठासून भरतात म्हणून त्याचं नावच बाटली मसाला. वर्षभराची बेगमी. आमच्या घरी उन्हाळ्यात वर्षाचं तिखट कांडून बरणीत दडपतात, त्याचीच ही बहीण. नाताळाला त्यांच्या घरी मराठीत गप्पा मारत इंद्याल खाल्लं जातं, आणि मराठी संस्कृती कोणत्याही प्रकारे कोसळत नाही.

वऱ्हाड निजामानं १८५३ साली इंग्रजांच्या हवाली केलं. अमरावतीला कॅम्प झाला, अचलपूरच्या परतवाड्याला फौजेची छावणी होतीच. साहेब घोड्यावर बसून भाल्यानं रानडुक्कर मारी, आणि त्याला खेळ म्हणे. सफरचंद मात्र विलायतेत राहिलेलं. कैरीच्या गोड चटणीची त्याला इथे अशी चटक लागली की घरी परतल्यावरही ती बाटल्यांतून मागवू लागला. मांसाबरोबर आंबटगोड हवंच, एवढा धर्म त्यानं पाळला.

साहेब गेला, रानडुक्कर राहिलं. आज ते वऱ्हाडात ताटात नसून शेतात आहे. तूर, हरभरा, सोयाबीन, काही म्हणता काही सोडत नाही. शेतकरी रात्रभर जागलीला बसतो, टिनाचे डबे बडवतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार परवानगीशिवाय त्याला मारता येत नाही, आणि परवानगीनं मारलं तरी ती सरकारी मालमत्ता. घरी नेऊन शिजवण्याची सोय नाही. डुकरानं शेतकऱ्याचं खाल्लं तर चालतं, शेतकऱ्यानं डुक्कर खाल्लं तर गुन्हा. सोमेश्वर महाराज असते तर त्यांना हा अध्याय लिहिणं जड गेलं असतं.

पाळलेलं डुक्कर खाणारी घरं मात्र आपल्या गावातही आहेत, आणि त्यांचा पाक कोणी संस्कृतात लिहिला नाही. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय शिजत होतं हे शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात लिहिलं, ते २०१५ साली. राजाचं जेवण ११३० च्या सुमारास ग्रंथात गेलं, यांचं जायला जवळजवळ नऊशे वर्षं लागली. एवढा विलंब आमच्या बँकेत कर्जालासुद्धा होत नाही.

आमच्याकडे एक शिपाईभाऊ होते, आता निवृत्त झाले. डबा कायम एकटे खायचे, खिडकीकडे तोंड करून. आम्ही समजायचो स्वभाव असेल. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी सोमेश्वराची गोष्ट रंगवून सांगत होतो. कापड, कढत पाणी, निखारे, सगळं. बाकीचे शी शी करत हसत होते. भाऊ हसले नाहीत. सगळे पांगल्यावर माझ्या टेबलाशी आले.

"साहेब, तो राजा हिंदूच होता न?"

"हो भाऊ, वराहाचा भक्त."

"अन् त्यानं हे पोथीत लिवलं? सोताच्या नावानं?"

"स्वतःच्या नावानं."

ते जरा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "आमच्या घरी माय करे. पोळ्याच्या पाडव्याले. गवतावरच भाजे, तुमी सांगतलं तसंच. पन शाळेत कोनी पुसलं काय खाल्लं, त आमी वांग्याची भाजी सांगो."

मी विचारलं, "आंबट काय घालायची माय?"

"कैरी सुकवून ठेवलेली राहे, ते टाके. नसली त चिच." आणि मग जरा थांबून, "राजा काय टाके?"

"आंबट रस. आणि दही."

"मंग बरोबर हाये," भाऊ म्हणाले, आणि पाण्याचा जग भरायला निघून गेले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी खुर्ची ओढली आणि आमच्या टेबलाला लावली. डब्यात वांग्याची भाजी होती. उत्तम होती.