ग्रोव्हर झाम्पा

ग्रोव्हर झाम्पा : कौटुंबिक मालकीतून वाढलेली भारतीय वाइन कंपनी. तिची एक वायनरी घोटीजवळ, इगतपुरी तालुक्यातील सांजेगाव येथे आहे. मूळ मात्र कर्नाटकातले. उद्योजक कंवल ग्रोव्हर यांनी १९८८ मध्ये नंदी हिल्सलगत, दोड्डबळ्ळापूर परिसरात फ्रेंच वाणांचे मळे उभे केले. पुत्र कपिल यांनी व्यवसाय पुढे नेला. सांजेगावात ‘व्हॅले द व्हँ’ ही निराळी कंपनी ‘झाम्पा’ नावाने वाइन काढत असे. २०१२ मध्ये दोन्ही एकत्र आल्या आणि जोडनाव रूढ झाले. घोटीचा पट्टा खरे तर भाताचा आणि मुसळधार पावसाचा. म्हणून पावसाळा सरताना वेलींची छाटणी आणि हिवाळ्याच्या उत्तरार्धात काढणी, असे येथील वाइन-द्राक्षांचे वेळापत्रक असते. महाराष्ट्राच्या २००१ च्या धोरणाने वायनऱ्यांना उत्तेजन दिले, विक्रीची वाट मात्र अरुंदच राहिली. महाराष्ट्रात ‘वाइन शॉप’ची पाटी असते, आत खप मुख्यतः व्हिस्की-बिअरचा! सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा जानेवारी २०२२ मधील मंत्रिमंडळाचा निर्णय विरोधामुळे रखडला. दोन्ही कंपन्या एकत्र आल्यानंतर काही वर्षांनी ग्रोव्हर झाम्पाचे नियंत्रण गुंतवणूकदार रवी विश्वनाथन यांच्याकडे गेले.